व्हिडिओ गेमची किल्ली कोणाच्या हाती?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आपल्या वऱ्हाडात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा 43-44 अंशांवर असताना मुलांना बाहेर खेळायला पाठवा, असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. तेव्हा कूलरसमोर बसून ती व्हिडिओ गेम खेळतात, यात नवल नाही. 1990 च्या दशकात टीव्हीला यंत्र जोडून ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळणारी पोरे आज स्वतः आई-बाप झाली आहेत. फरक एवढाच की ते खेळ संपत असत. आजचे यंत्र इंटरनेटला जोडलेले असते. खेळाला शेवट नसतो, समोर अनोळखी माणसे बोलत असतात आणि खेळता खेळता पैसेही खर्च होतात.

“डॉक्टरसाहेब, पोट्टं ऐकतच नाही. मेन स्विच बंद केला तं जेवत नाही,” अशी तक्रार घेऊन अचलपूर-परतवाड्यातील पालक येतात, तेव्हा मी आधी एकच प्रश्न विचारतो. यंत्र घरी आले त्या दिवशी ते सुरू कोणी करून दिले? उत्तर बहुधा ठरलेले. “पोरानंच केलं. आमाले त्यातलं काय समजते?”

वाचकहो, दुखणे इथेच आहे. प्ले स्टेशन 5, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच या तिन्ही यंत्रांत पालकांसाठी कुलपाची सोय कंपनीनेच करून ठेवलेली आहे. पण यंत्र पोराने सुरू केले की खाते त्याचे, जन्मसाल बापाचे आणि कुलपाची किल्लीही त्याचीच! मग आपल्या हातात उरते ती फक्त मेन स्विचची कळ. ती दाबणे मला मुळीच पसंत नाही. यंत्र माहिती साठवत असताना वीज तुटली तर साठवलेला खेळ बिघडू शकतो आणि मुलाच्या दृष्टीने त्याची आठवड्याची मेहनत वाया जाते. त्या संतापाला आपण हट्टीपणा म्हणतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, एका रविवारी तासभर काढून आई किंवा वडिलांनी हे काम स्वतः करावे. समजत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बोलवावे. ज्याच्यासाठी कुलूप आहे त्याला मात्र नाही. आधी मोठ्या माणसाचे खाते उघडायचे, मग त्याच्याखाली खऱ्या जन्मतारखेने मुलाचे. त्यानंतर कोणत्या वारी किती वेळ, कोणत्या वयाचे खेळ चालतील, महिन्याला किती पैसे खर्च करता येतील (माझ्या मते शून्य) आणि अनोळखी खेळाडूंशी बोलता येईल की नाही, हे सारे ठरवून देता येते. प्ले स्टेशनच्या कुलपाचा कोड कारखान्यातून येतानाच 0000 असा असतो. तो बदलला नाही तर कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगून ठेवल्यासारखे होते. पाहुणा म्हणून शिरण्याची आणि नवे खाते उघडण्याची वाटही बंद करावी लागते. ही वाट मुलांना फार लवकर सापडते.

खेळाच्या खोक्यावर चौकटीत 3, 7, 12, 16 किंवा 18 असा आकडा असतो. ही युरोपातील पद्धत आहे. तो आकडा खेळ किती अवघड आहे याचा नसून तो कोणत्या वयापासून योग्य आहे याचा आहे. ‘माइनक्राफ्ट’वर 7 आहे, तर ‘जीटीए 5’वर 18. सहावी-सातवीतल्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून हा दुसरा खेळ कौतुकाने आणून देणारे काका-मामा आपल्याकडे काही कमी नाहीत.

वेळ संपल्यावर काय व्हावे, हेही काही यंत्रांत ठरवता येते. यंत्र नुसती सूचना देते किंवा मुलाला सरळ बाहेर काढते. माझा सल्ला, पहिले पंधरा दिवस नुसती सूचना ठेवावी. मुलाला आपला डाव किती मिनिटांचा असतो याचा अंदाज येऊ द्यावा, मग दुसरा पर्याय लावावा. आणि हे सगळे मुलाच्या देखत, त्याच्याशी बोलून करावे. चोरून लावलेल्या कुलपाने मुलगा एकच गोष्ट शिकतो, चोरून उघडायला. यंत्राने वेळ संपवली की रोजची आरडाओरडही टळते, कारण “बंद कर” असे म्हणणारी आई उरत नाही. पण अट एक आहे. मुलगा रडला म्हणून आजीने आजोबांच्या फोनवरून अर्धा तास वाढवून द्यायचा नाही!

“संस्कार असले की कुलूप कशाला?” असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. घरात औषधांचे कपाट आपण लहान मुलांच्या हाती लागू देत नाही. त्यात संस्कारांचा अपमान झाला असे कोणी मानत नाही.

मात्र नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्यामागची तळमळ मला समजते. पण मला अधिक पटते ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तिथे त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे ठरले. ते फक्त मुलांचे नव्हे, घरातल्या सर्वांचे! बाप सोफ्यावर रील पाहत असताना पोराने मुकाट्याने जॉयस्टिक खाली ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. सरकारी कुलपांचीही गत पाहण्यासारखी आहे. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री 12 ते सकाळी 6 ऑनलाइन खेळ बंद केले. मुले मोठ्यांच्या ओळख क्रमांकावर खेळत राहिली आणि तो कायदा 2021 मध्ये रद्द करण्याचे ठरले.

वेळ किती द्यावा? दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सर्व पडदे मिळून दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यापुढे मी घड्याळापेक्षा झोप पाहतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला 8 ते 10 तास झोप हवी. म्हणून झोपण्यापूर्वीचा एक तास खेळ बंद असावा आणि यंत्र मुलाच्या खोलीत नसावे. दुसरी गोष्ट डोळ्यांची. दिवसाउजेडी बाहेर राहणाऱ्या मुलांना लांबचे दिसण्यासाठीचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. आपल्याकडे मे महिन्यातही सकाळी 6 ते 8 हा वेळ त्यासाठी मिळतो. खेळाची मर्यादा बसवताना तो वेळ आधी राखून ठेवावा. मुलाला पूर्वी फिट आली असेल तर लखलखणारे खेळ देण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे.

जुने, दुसऱ्या हाताने घेतलेले यंत्र असेल तर त्यात वेळेचे कुलूप असेलच असे नाही. तिथे दोन्ही जॉयस्टिक संध्याकाळी आईच्या कपाटात जाणे, हाच उपाय.

खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालावे लागते. मुलगा शाळा टाळतो, जेवणाचे भान राहत नाही, मित्र तुटले आहेत, पैसे चोरू लागला आहे असे दिसले, तर वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये आणि कुलूपही अधिक घट्ट करीत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. तोवर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.