एकटीचा प्रवास आणि घरच्यांची काळजी

यंदाच्या माघ महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा झाला. तो मिटला आहे, आणि त्यांत हार प्रस्तुत लेखकाची झाली. तरीही तो येथें सांगावासा वाटतो; कारण ज्या कुटुंबांतील मुलेंमुली नोकरीशिक्षणानिमित्त परदेशीं आहेत, अशा पुष्कळ घरीं आज ना उद्यां हाच प्रश्न उभा राहणार आहे.

माझी भाची ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें नोकरीस आहे. वय बत्तीस, अविवाहित, मोटार हांकण्यांत तरबेज. तिनें आपल्या आईस कळविलें कीं, अकरा दिवसांची रजा घेऊन ती टास्मानिया बेटावर जाणार. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार भाड्यानें घेणार. ती मोटार आगबोटींत चढवून समुद्र ओलांडणार. आणि हें सर्व एकटीनें करणार. बहिणीचा धीर सुटला. तिचे यजमान आज हयात नाहींत. ती मला म्हणाली, “दादा, तूंच तिला दोन शब्द लिही. मामाचें ती ऐकते.”

मीं दोन शब्द नव्हे, दोन पानें लिहिलीं. अडतीस वर्षें मुलांचे निबंध तपासलेला हात तो! त्यांत परक्या मुलुखाचें भय होतें, स्त्रीनें एकटें फिरण्यांतले धोके होते, आणि, लपवून काय उपयोग, ‘लोक काय म्हणतील’ हेंही होतें. एक गोष्ट मात्र त्यांत नव्हती. ती कोणत्या वाटेनें जाणार, मुक्काम कोठें करणार, हें मीं विचारलेंच नव्हतें.

पत्र धाडण्यापूर्वीं तें आमच्या आत्याबाईंना वाचून दाखविलें. त्या आतां शहाऐंशी वर्षांच्या आहेत. बाविसाव्या वर्षीं त्यांना वैधव्य आलें, तेव्हांपासून त्या आमच्याच घरीं असतात. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “अरे, माझ्याबरोबर जन्मभर कोणी ना कोणी होतेंच. शेगांवला जायचें तरी सोबत. पण तुला कोठें जायचें आहे, हें मला कधीं कोणीं विचारलें नाहीं. त्या पोरीला निदान विचार तरी.”

मीं पत्र फाडलें आणि दुसरें लिहिलें. त्यांत फक्त प्रश्न होते.

समुद्रगमनाचा वाद आपल्या समाजास नवा नाहीं. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रगमन हें पतनीय कर्मांत गणलें आहे. आणि त्याच सूत्रांत उत्तरेकडील लोकांचा तो एक आचार असल्याचीही नोंद आहे. म्हणजे निषेध लिहिला जात होता त्या काळींही लोक समुद्रावर जातच होते. पुढें १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठीं कलकत्त्याहून ७ एप्रिल रोजीं निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हां त्यांचें वय अठरा होतें. आगबोटींत अमेरिकन मिशनरी बायकांची सोबत होती, परंतु घरचें माणूस एकही नव्हतें. त्या काळीं पत्र पोंचावयास आठवडेच्या आठवडे लागत, आणि घरचे लोक तितके दिवस धीर धरीत. आज एक संध्याकाळ निरोप आला नाहीं, तर आपण कासावीस होतों!

भाचीचें उत्तर सविस्तर आलें. टास्मानियाचा विस्तार आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या सुमारें सातपट. वस्ती मात्र सहा लाखांहून कमी. आपल्या जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारींतच पंचवीस लाखांवर माणसें होतीं. तेव्हां तेथें भय माणसांचें कमी, आणि माणूस न भेटण्याचें अधिक.

तिच्या मोटारीस तिकडे कॅम्परव्हॅन म्हणतात. मागें निजावयाची जागा, लहानशी शेगडी, पाण्याची टांकी. वर्णन वाचून मला माझ्या लहानपणची दमणी आठवली. आमचें खेडें पूर्णेकांठचें, खारपाणपट्ट्यांतलें. विहिरींचें पाणी खारट, म्हणून प्रवासास निघतांना गाडींत गोड्या पाण्याची घागर आधीं चढे, माणसें मागाहून. वर तट्ट्याचें छप्पर, खालीं कडबा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं मुक्काम. पावसाळ्यांत नदी भरली कीं नावाडी म्हणेल तेव्हांच पलीकडे जावयाचें. त्यापुढें कोणाची घाई चालत नसे.

आगबोटीचेही असेच नियम आहेत. पूर्वीं ती मेलबर्नच्या बंदरांतून सुटत असे; २०२२ च्या ऑक्टोबरपासून जीलाँगहून सुटते. रात्रीची फेरी संध्याकाळीं निघून, बास सामुद्रधुनी ओलांडून, सुमारें दहा-अकरा तासांनीं टास्मानियांतील डेव्हनपोर्टला लागते. ही सामुद्रधुनी उथळ आहे, म्हणून वारा सुटला कीं लाटा एकाएकीं उंच होतात. मोटार खालच्या मजल्यावर लावून प्रवाशानें वर जावयाचें. मोटारींत निजण्यास परवानगी नाहीं. शेगडीच्या वायूची टांकी चढण्यापूर्वींच बंद करावयाची. ताजीं फळें व भाज्या बेटावर नेण्यास बहुतेक मनाईच आहे. कारण फळांस कीड लावणारी माशी तेथें येऊं नये. भाचीनें डाळ, तांदूळ व आईचा गोडा मसाला घेतला. मेथीची जुडी मात्र मैत्रिणीस देऊन टाकली.

माझ्या प्रश्नांपैकीं एक तिच्या उपयोगीं पडला. “जेथें दूरध्वनि लागत नाहीं, तेथें अपघात झाला तर काय करशील?” असें मीं विचारलें होतें. तिनें चौकशी केली, तेव्हां उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणारें, हातांत मावणारें एक यंत्र भाड्यानें मिळतें असें कळलें. तें तिनें घेतलें. माझ्या दोन पानांच्या उपदेशानें हें काम झालें नसतें.

रोज संध्याकाळीं मुक्कामाचें ठिकाण कळवावयाचें, असें ठरलें. चार दिवस निरोप वेळेवर आले. पांचव्या दिवशीं ती पश्चिमेकडील डोंगराळ भागांत होती. क्वीन्सटाउन सोडून लायल महामार्गानें होबार्टकडे निघालें, एवढेंच दुपारीं कळलें. पुढें कांहीं नाहीं. बहिणीनें देवाजवळ समई लावली आणि ती रात्रभर जागी बसली. मी तिला धीर देत होतों, पण माझेंही लक्ष घड्याळाकडेच होतें. त्या दिवसांत तिकडचें घड्याळ आपल्यापुढें साडेपांच तास असतें. मी पुन्हां पुन्हां तोच हिशेब करीत होतों.

पहाटें पांचला निरोप आला. ती सुखरूप होती. वाटेंत पाऊस लागला, उजेड कमी होऊं लागला. तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत तेथील रस्त्यांवर वॉलबी, वॉम्बॅट असे प्राणी येतात. गाडी त्यांच्यावर आदळून अपघात होतात. म्हणून ती एका तळावर लवकरच थांबली. तेथें दूरध्वनि लागेना. तिनें लिहिलें होतें, “मामा, निरोप धाडण्यासाठीं आणखी तासभर पुढें जावें लागलें असतें, आणि तोंवर पुरता अंधार पडला असता. आईला झोंप येणार नाहीं हें मला ठाऊक होतें. तरी पण अंधारांत जाणें मला बरें वाटलें नाहीं.”

हें वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. तिनें आमची आज्ञा पाळली असती, तर आमच्या काळजीनेंच तिला धोक्यांत घातलें असतें! संध्याकाळीं निरोप आलाच पाहिजे, हा नियम आम्हीं आमच्या जिवाच्या शांतीसाठीं केला होता. तिच्या सुरक्षिततेसाठीं नव्हे.

त्याच दिवशीं आम्हीं नियम बदलला. रोजची वाट आधीं कळवावयाची. निरोप दूरध्वनि लागेल तेव्हां धाडावयाचा. ठरल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत कांहींच कळलें नाहीं, तर कोणास कळवावयाचें तें नांव व क्रमांक बहिणीपाशीं लिहून ठेवावयाचा. रात्रीं थंडी वाजली तरी खिडक्या बंद करून शेगडी पेटवावयाची नाहीं, ही भर मीं घातली. बंद जागेंतला विषारी वायु झोंपेंत जीव घेतो. उरलेले दिवस बहिणीस झोंप लागली. मुलगी तीच, रस्ताही तोच. फक्त काळजीस काम मिळालें होतें.

भाचीनें धाडलेलीं चित्रें आत्याबाईंनीं चष्मा पुसून पुसून पाहिलीं. मग मीं त्यांना विचारलें, “आत्या, तुम्हांला कोठें जायचें आहे?” त्या लगेच म्हणाल्या, “लोणारला.” लोणारचें सरोवर आपल्याच जिल्ह्यांत, त्याची कीर्ति त्या जन्मभर ऐकत आल्या, पण पाहिलें नव्हतें. चैत्रांत आम्ही गेलों. त्या सरोवराच्या कांठीं बसल्या, मग दैत्यसूदनाच्या देवळांत बराच वेळ बसल्या, आणि घरीं परत चलण्याची घाई त्यांनीं मुळींच केली नाहीं.

वाचकांनीं आपापल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना हा प्रश्न एकदां विचारून पाहावा, एवढीच विनंति.