कचेरी दिवाणखान्यात, बिल कुटुंबाच्या माथी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी-हडपसरच्या कचेऱ्या पाहता पाहता कोथरूड, सिंहगड रस्त्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकांत येऊन बसल्या. आपत्काळ होता, घराघराने विनातक्रार जागा करून दिली. आपत्काळ सरला, तरी अनेक ठिकाणी कचेरीने दिवाणखाना सोडलेला नाही. पाहुण्याने मुक्काम वाढवावा आणि शिधाही यजमानाचाच खावा, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच अधिक, पुढे आणखी. घराचा नेहमीचा वापर खालच्या टप्प्यांतच संपतो. दिवसभराचा पंखा, संगणक, उन्हाळ्यातील वातानुकूलन यंत्र यांची भर वरच्या टप्प्यात पडते. म्हणजे कंपनीसाठी जळणारे युनिट हे घरातील सर्वांत महागडे युनिट असते! शिवाय आजोबांचा रेडिओ बंद, मुलांच्या खेळण्यावर बंदी, सुनेची स्वयंपाकघरातही दबक्या पावलांची ये-जा. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात उमटत नाही.

‘प्रवासखर्च वाचला की!’ असे व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असते. ज्यांना कंपनीची बस नेत-आणत होती, त्यांच्या बाबतीत वाचला तो कंपनीचाच खर्च. जागाभाडे, उपाहारगृह, वातानुकूलन यांतील बचतही तिचीच. या बचतीतून कर्मचाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र कोणी सांगत नाही.

सोलापूरच्या विडी कामगार भगिनींना हा अनुभव नवा नाही. पाने-तंबाखू कारखान्याची, जागा, दिवा आणि पाठदुखी त्यांची. तरीही १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगार मानले, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा घरखेपी कामगारांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू असल्याचे मान्य केले. काम घरी गेले म्हणून मालक जबाबदारीतून सुटत नाही, हे तत्त्व या देशात विडीच्या धंद्यात ठरून गेले आहे. डॉलरमध्ये कमावणाऱ्या कंपन्यांनाच ते जड का वाटावे?

पोर्तुगालने जानेवारी २०२२ पासून घरून कामाचा वाढीव वीज व इंटरनेट खर्च मालकावर टाकला. आपल्याकडे त्याच वर्षी विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना घरून कामाची मुभा देताना उपकरणे आणि सुरक्षित जोडणी कंपनीने पुरवावी, असे नियमात आले. विजेबाबत मात्र मौनच. नियुक्तिपत्रात गोपनीयतेपासून नोटिशीच्या मुदतीपर्यंत सारे असते, हाच रकाना तेवढा कोरा असतो. तो भरून घेण्यासाठी पुढच्या वेतनवाढीच्या बैठकीत नोकरदारांनी एकेकट्याने नव्हे, तर एकत्र जाऊन एप्रिल-मेची वीजबिले टेबलावर ठेवावीत.