'सुटत नाही', पण कोणत्या संख्यांत?

दुसरी-तिसरीत वजाबाकी शिकताना तुम्ही एक वाक्य हमखास ऐकले असेल : "चारातून सात जात नाहीत." मग शेजारच्या दशकाकडे हात पसरायचा! पुढे काही वर्षांनी त्याच फळ्यावर ४ – ७ = –३ असे लिहिले जाते. काल जे होत नव्हते ते आज कसे झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. पाठांतरात पटाईत असलेली मुले नियम घोकून पुढे जातात. विचार करणारी मुले मात्र अडखळतात. दोष त्या अडखळणाऱ्या मुलांचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पहिले वाक्यच अपुरे होते. "पूर्ण संख्यांत चारातून सात जात नाहीत," असे म्हणावयास हवे होते.

पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३... यांतील कोणत्याही दोन घ्या. त्यांची बेरीज करा, गुणाकार करा, उत्तर पूर्ण संख्याच येईल. पण प्रश्न उलटा विचारला की पंचाईत होते. क्ष + ७ = ४ हे समीकरण घ्या. क्ष च्या जागी ० घातले तरी बेरीज ७ होते, आणि त्याहून मोठी संख्या घ्यावी तर बेरीज वाढतच जाते. म्हणजे उत्तर शोधून दमलो म्हणून आपण 'नाही' म्हणत नाही. ते असूच शकत नाही, हे आपण सिद्ध केले. या 'नाही'लाही गणितात पुरे गुण मिळाले पाहिजेत!

यावर दोन मार्ग आहेत. तिथेच थांबायचे किंवा संख्यांचे कुटुंब वाढवायचे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम दिले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. तरीही पाचशे वर्षांनंतर भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक मौजेचे उदाहरण आढळते. माकडांच्या एका टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. उरलेले १ फांदीवर दिसले. तर एकूण माकडे किती? समीकरणाला दोन उत्तरे येतात : ५० आणि ५. ताळा करून पाहा, दोन्ही जुळतात. पण ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ गेले की –२ माकडे! भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले. ऋण संख्या त्यांना ठाऊक नव्हती म्हणून नव्हे. माकडांच्या मोजणीत ती शोभत नव्हती म्हणून.

मग हवी ती संख्या निर्माण करता येते काय? नाही. ० × क्ष = ५ हे समीकरण पाहा. याचे उत्तर म्हणून 'म' नावाची नवी संख्या मानू. आता ० + ० = ०, म्हणून (० + ०) × म आणि ० × म ही दोन्ही सारखीच. पण कंस सोडवला तर डावीकडे ५ + ५ म्हणजे १० येतात, आणि उजवीकडे ५. म्हणजे १० = ५! –३ घरात आली तेव्हा जुने नियम शाबूत राहिले. 'म' आली की सारे घरच कोसळते. हा फरक शाळेत ऋण संख्यांच्या पहिल्याच तासाला सांगितला जावा, असे मला वाटते. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात.

आता एक समीकरण तुमच्यासाठी. १५ रुपयांच्या वह्या आणि २१ रुपयांची पेने घेऊन बरोबर १०० रुपयांची खरेदी करावयाची आहे : १५क्ष + २१य = १००. काही पेने दुकानदाराला परत करण्याची, म्हणजे ऋण पूर्णांकांची, मुभा दिली तरी हे जमणार नाही. १५ आणि २१ या दोहोंना कोणती संख्या भागते ते पाहा, आणि मग १०० कडे वळा.