शांत किनारा शोधताय? आधी जीवरक्षक आहे का ते बघा

बेळगाव : शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते, समुद्राला कुठं जायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. चोर्ला घाट उतरायचा आणि कळंगुट-बागा गाठायचं. आता बहुतेक जण म्हणतात, ‘तिथं नको, लई गर्दी. कुठंतरी शांत जाऊया.’ हा शांत किनारा निवडायचा कसा आणि त्या शांततेची किंमत कोण मोजतो, हे जरा हिशेब मांडून बघण्यासारखं आहे.

बेळगावकराला तीन वाटा आहेत. आंबोली घाटातून सावंतवाडी आणि पुढे शिरोडा, वेंगुर्ला, भोगवे, निवती. चोर्ल्यातून गोवा, तिथंही गर्दी टाळायची तर दक्षिणेला काणकोणकडचे आगोंद, गालजीबाग. तिसरी वाट जोयड्यावरून अणशी घाट उतरून कारवारची, पुढे अंकोला, गोकर्ण, होन्नावर. समुद्र एकच, वाळूही साधारण तशीच. पण राज्य बदललं की किनाऱ्यावरची व्यवस्था बदलते, आणि निवड करताना नेमकी हीच गोष्ट कुणी विचारात घेत नाही.

गोव्यात २००८ पासून सरकारने कंत्राट देऊन जीवरक्षक सेवा सुरू केली. प्रमुख किनाऱ्यांवर मनोरे आहेत, लाल-पिवळे बावटे आहेत, धावत येणारी माणसं आहेत. सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नडमध्ये काही नावाजलेल्या ठिकाणी जीवरक्षक दिसतात, पण गोव्यासारखी सलग व्यवस्था नाही. ज्या किनाऱ्यावर गर्दी नाही, तिथं बहुतेक वेळा जीवरक्षकही नाही.

याची किंमत बेळगावने मोजली आहे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिरोडा-वेळागरला कुडाळ आणि बेळगाव भागातले नातलग एकत्र समुद्रात उतरले आणि त्यातले अनेक जण परत आले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वरला कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार विद्यार्थिनी बुडाल्या. त्यानंतर तो किनारा काही दिवस बंद ठेवावा लागला. ठिकाणं वेगळी, राज्यं वेगळी, पण बुडालेले सगळे घाटावरचे किंवा समुद्राची सवय नसलेले पाहुणे, असंच चित्र बहुतेक वेळा दिसतं.

कारण साधं आहे. घाटावरच्या माणसाला नदी-तळ्याचं पाणी माहीत असतं. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते आणि तो नेमका तिथंच उतरतो. मग किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं, हे सहलीला निघताना कुणी सांगत नाही. नदीच्या मुखाजवळ धोका आणखी वाढतो. देवबागला कर्ली, केरीला तेरेखोल, कारवारला काळी नदी समुद्राला मिळते. फोटोला सुंदर असलेल्या याच जागा ओहोटीच्या वेळी सर्वांत फसव्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला धार आली, कारण किनारे झपाट्याने जवळ आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ मध्ये मोपा. उत्तर गोव्यात न मावणारी गर्दी तेरेखोल ओलांडून रेडी-शिरोड्याकडे सरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. म्हणजे पाहुणे येणार हे सरकारला माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही. खरा धोका पूर्ण ओसाड किनाऱ्यावर नाही. तिथं लोक जातच नाहीत. पूर्ण गजबजलेल्या किनाऱ्यावर निदान शिट्टी मारणारा असतो. धोका मधल्या किनाऱ्यावर आहे. मोबाईलमुळे त्याचं नाव झालेलं असतं, गाड्या यायला लागलेल्या असतात, पण बावटा, मनोरा, दोरी यातलं काहीच पोचलेलं नसतं.

शांततेचे आणखीही हिस्सेदार आहेत. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या गोव्याच्या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात; वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीतही त्यांची घरटी जपली जातात. साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्रीचे दिवे, डीजे, वाळूत घातलेली गाडी यांनी त्यांचं सगळं बिघडतं. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांसाठी तर हा किनारा म्हणजे कामाची जागा. त्यांचं जाळं सुकत असतं तिथं बाटल्या फोडून यायचं, हे पर्यटन नव्हे.

मग निवड कशी करायची? सोबत लहान पोरं किंवा कॉलेजची मंडळी असतील आणि पाण्यात उतरायचंच असेल, तर बावटे आणि जीवरक्षक असलेला किनारा घ्या, थोडी गर्दी सोसा. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात जाऊच नका. खरोखर शांतता हवी असेल तर भोगवे, निवती, गालजीबागला जा, गावातल्या घरगुती मुक्कामाला राहा, मासे खा, वाळूत चाला. पण पाणी घोट्यापर्यंतच. गाडीतून उतरल्यावर पहिल्या मच्छीमाराला विचारा, ‘काका, इथं पाणी कसं आहे?’ तो नको म्हणाला तर विषय संपला. प्रसंग आलाच तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा.

एवढं पर्यटकाचं झालं. उरलेलं काम सरकारांचं आहे. बुडणाऱ्याला सीमावाद कळत नाही. गोव्याने जे २००८ मध्ये सुरू केलं, ते शेजारच्या दोन जिल्ह्यांत व्हायला आणखी किती सहली बुडायच्या, हे मुंबई आणि बेंगळुरूने सांगायला हवं.