मोतीबिंदू नव्हे, पडदा

आखाडा बाळापुरात साठीच्या माणसाला धूसर दिसू लागलं की निदान घरातच होतं: मोतीबिंदू. शिबिर लागलं की ऑपरेशन करू. माझ्या अब्बांचं दुखणं मात्र मॅक्युलाचं निघालं. वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजतो. समोरचा चेहरा पुसट होतो, कडेचं दिसत राहतं. हे लेन्स बदलून सुटत नाही. कोरड्या प्रकारात गेलेली नजर परत येत नाही. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं लागतात, तीही वेळेवर आणि पुन्हा पुन्हा. म्हणजे नांदेडच्या फेऱ्या आणि दर फेरीला कुणीतरी रोज बुडवून सोबत जाणं. गाडी अडते ती इथे.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक फुकट असतं, मराठीही वाचून दाखवतं. पण त्याआधी चौकटींचा एक कागद भिंतीला लावा. रोज एकेक डोळा झाकून बघायला सांगा. सरळ रेषा वाकडी दिसली तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा. तंबाखूच्या धुराने हा आजार बळावतो, हेही घरात बोला.

अब्बांनी मोठ्या अक्षरांचा कुरआन मागवलाय. बिडी अजून सुटलेली नाही.