भ्रमाच्या जुनाट रुग्णास व्यायामाची जोड हवी

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. येथील नगर रस्ता ओलांडायचा तर मान दोन्ही बाजूंना वळवावीच लागते. नेमक्या त्याच हालचालीने ज्याचा तोल जातो, असा वृद्ध हळूहळू घराबाहेर पडेनासा होतो. कानाचा मूळ विकार केव्हाच शमलेला असतो. अस्थिरता मात्र उरते. त्याच्या पिशवीत आपले चूर्ण असते आणि सिनॅरिझिन वा प्रोक्लोरपेरॅझिनची पाकिटेही असतात.

अशा रुग्णास व्यायाम न शिकविता महिनोन्महिने केवळ औषध देत राहणे ही अपुरी चिकित्सा होय, मग ते औषध कोणत्याही पॅथीचे असो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतर्कर्णातील एका बाजूचे संतुलन-इंद्रिय दुर्बल झाले की मेंदूस दोन कानांकडून विषम संवेदना मिळतात. ही तफावत भरून काढण्याचे सामर्थ्य मेंदूत आहे. पण त्यासाठी मान हलावी लागते, दृष्टी डळमळावी लागते. रुग्ण भीतीने मान ताठ धरतो, शामक गोळी संवेदनाच मंदावते आणि सुधारणा लांबते. या गोळ्या तीव्र वेगाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरत्याच ठीक. वृद्धांत त्या दीर्घकाळ चालल्यास कंप व शरीराचा ताठरपणा उद्भवू शकतो.

इंग्लंडमध्ये कॉथॉर्न व कुक्सी यांनी १९४० च्या दशकात यासाठी व्यायामक्रम बसविला. २०१५ च्या कोक्रेन समीक्षेने ३९ चाचण्या तपासून एका कानाच्या विकारात हा उपाय सुरक्षित व परिणामकारक ठरविला. आपल्यालाही हा विचार परका नाही. चरकांनी भ्रम वाताच्या नानात्मज विकारांत गणला आणि व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य व बल ही फळे सांगून मात्रेचे बंधन घातले. अर्थात, अंतर्कर्णाचे आजचे ज्ञान संहितांत होते, असा दावा मी करीत नाही.

कृती साधी आहे. भिंतीवरील एका अक्षरावर नजर स्थिर ठेवून मान डावी-उजवीकडे, नंतर वर-खाली हलवावी. प्रथम बसून, मग उभे राहून, शेवटी चालताना. जुनाट विकारात दिवसातून तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटे, चार ते सहा आठवडे हा क्रम ठेवावा. किंचित चक्कर येणे अपेक्षित आहे, हे आधीच सांगावे. अन्यथा रुग्ण दुसऱ्याच दिवशी व्यायाम सोडतो. जवळ आधार व सोबत असावी.

तथापि निदान आधी हवे. कूस बदलताना काही क्षण येणाऱ्या चकरेस एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली स्थितिबदलाची क्रिया लागते. मेनिएर विकाराचे वेग व्यायामाने थांबत नाहीत. अकस्मात बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे वा चालताच न येणे, अशा लक्षणांत रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधालय-चालक बंधू-भगिनींनाही विनंती आहे. चकरेचे तेच पाकीट कोणी पुन्हा मागितले, तर ‘किती दिवस घेता?’ एवढे विचारून त्यास वैद्याकडे वा फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. एका पाकिटाची विक्री घटेल. पण एखाद्या वृद्धाचे पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे टळेल. हा व्यवहार तोट्याचा खचितच नाही.