क्षेत्रफळाचा आकडा कोणाच्या हाती?

इतिहासाच्या शिक्षकाने भूमितीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जमीनमोजणीचा इतिहास आपल्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. ज्याच्या हाती साखळी, त्याच्या हाती आकडा. आणि ज्याच्या हाती आकडा, त्याचाच शब्द अखेरचा, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज साखळीच्या जागी संगणक आला आहे. आकडा कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने येथे शेतवार मोजणी झाली. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. मुंबई पद्धतीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असे. एक चौरस साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. शेताची मापे 'टिपण' या कागदावर लिहिली जात आणि त्यांवरून क्षेत्रफळ काढण्याचे गणित 'गुणाकार बुका'त मांडले जाई. म्हणजे शेताचे गणित लिहिलेले होते; ते वाचता येणारा माणूस मात्र शेतकऱ्याच्या घरात नव्हता. अज्ञानी शेतकरी कागद व कारकून यांच्यापुढे कसा नागवला जातो, हे महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात निर्भीडपणे मांडले.

आता शेताच्या प्रत्येक कोपऱ्याचे स्थान टोटल स्टेशन किंवा रोव्हर या यंत्राने टिपले जाते. ते बिंदू संगणकावरील कॅड या आरेखन प्रणालीत जोडले, की क्षेत्रफळ आणि परिमिती क्षणात पडद्यावर येते. याच प्रणाली आकृतीचा गुरुत्वमध्यही सांगतात व तुळईच्या छेदाचे जडत्व आघूर्णही काढून देतात. ऑटोकॅड ही त्यांतील सर्वपरिचित प्रणाली १९८२ मध्ये बाजारात आली. लिब्रेकॅड व फ्रीकॅड या प्रणाली तर विनामूल्य मिळतात.

संगणक हे करतो तरी कसे? समजा, एका शेताच्या चारही बाजू १०० मीटर आहेत. शेत चौरस असेल, तर क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर. तेच शेत एका अंगाला कलून कोपऱ्याचा कोन ६० अंशांचा झाला, तर बाजू त्याच व परिमिती ४०० मीटरच राहते; क्षेत्रफळ मात्र सुमारे ८६६० चौरस मीटर होते. सव्वातेरा गुंठे कमी! चारही बाजू दोरीने मोजून 'माझे शेत एक हेक्टर' म्हणणारा माणूस येथे फसतो. चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ निश्चित होत नाही. एखादा कर्ण किंवा लंबही कळावा लागतो.

संगणक कोपऱ्यांचे निर्देशक घेतो. या कललेल्या शेताचे कोपरे (०, ०), (१००, ०), (१५०, ८६.६) आणि (५०, ८६.६) असे मांडू. क्रमाने दोन-दोन कोपरे घेऊन त्यांच्या निर्देशकांचा तिरकस गुणाकार करायचा व वजाबाकी घ्यायची. उत्तरे येतात ०, ८६६०, ८६६० आणि ०. बेरीज १७,३२०; तिची निमपट ८६६०. यंत्राच्या पोटातले सारे रहस्य एवढेच आहे, आणि दहावीत निर्देशक भूमिती शिकणाऱ्या मुलीला ते एका तासिकेत उमगू शकते.

हे उमगणे आवश्यक का? कारण यंत्र जे दिले तेच मोजते. नाल्याकाठची वळणदार बाजू आखायची राहिली आणि आकृती उघडी राहिली, तर ऑटोकॅड शेवटचा बिंदू पहिल्याशी सरळ रेषेने जोडल्याचे धरून क्षेत्रफळ सांगते. एककाची निवड चुकली, तर उत्तर शेकडो पटींनी बदलते. पडद्यावरचा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत अचूक दिसतो. पण त्याची अचूकता शेताच्या बांधावर घेतलेल्या मापापेक्षा अधिक असूच शकत नाही.

म्हणून 'यंत्र आहे, मग गणित कशाला?' हे म्हणणे मला मान्य नाही. 'आधी गणित पक्के होऊ द्या, संगणक नंतर पाहू' हेही मान्य नाही. कारण हे 'नंतर' ग्रामीण निवासी शाळेतल्या मुलांच्या वाट्याला फार उशिरा येते. दोन्ही एकाच वर्गात, एकाच आठवड्यात शिकवावे. शाळेचे मैदान मुलांनी फितीने मोजावे, त्रिकोण पाडून वहीत क्षेत्रफळ काढावे, मग तीच आकृती संगणकावर आखावी. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर फरक कोठून आला ते शोधावे. खरे शिक्षण त्या शोधात आहे.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे त्याच्या नुसत्या आकारावरून ठरत नाही. ती कसायला लागणारी इतर साधने किती आहेत, हेही पाहावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आकडा स्वीकारण्याआधी तो तपासण्याचा हा संस्कार आहे. पुढे १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. इतक्या कष्टाने मागितलेल्या जमिनीचा नकाशा आपल्याच मुलांना वाचता येऊ नये, हे शोभणारे नाही.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी आरेखक, कोणी मोजणीच्या कामात आहेत. वर्षातले दोन रविवार शाळेला द्या. आणि पालकांनो, सुटीत मुले घरी आली, की सातबारा व शेताचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवा. 'हा आकडा कसा आला?' असे त्यांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.